रत्नागिरी ते तिरुवनंतपुरम : डीबीएससाठी निघणाऱ्यांना

माझ्या लेकाला डीवायटी-१ डिस्टोनिया आहे, म्हणजे स्नायू आपोआप आवळून अंग पिळवटणारा आनुवंशिक आजार. तिसरीत असताना पाय आत वळायला लागला, मग हात, मग मान. डीबीएससाठी, म्हणजे मेंदूत तारा बसवून करंट देण्याच्या ऑपरेशनसाठी, त्याला तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत नेलं.

रत्नागिरीहून नेत्रावती एक्सप्रेस थेट जाते. खालचा बर्थच घ्या, जास्तीच्या उशा ठेवा. बसलं की लेकाचं अंग पिळवटायचं, पालथं झोपलं की सैल पडायचं. संस्था मेडिकल कॉलेजच्या आवारात आहे. खोली तिथून जवळच बघा.

निघण्याआधी लेव्होडोपा देऊन बघायचं का, हे डॉक्टरांना विचारा. एक आनुवंशिक डिस्टोनिया नुसत्या या गोळीनेही आटोक्यात येतो. जनुक तपासणीचा रिपोर्ट आणि चालताना, लिहिताना, जेवतानाचे व्हिडिओ सोबत न्या. डीवायटी-१ ज्यामुळे होतो तो टीओआर१ए जनुकातला दोष असलेल्या साधारण ३० टक्के लोकांनाच आजार होतो. आमच्याकडे तो माझ्या नवऱ्याकडून आला, त्याला आयुष्यात कधी त्रास नाही. पोराच्या दुखण्याचं खापर आईवर फोडणाऱ्यांना हे जरूर सांगा.

ऑपरेशनमध्ये मेंदूच्या दोन्ही बाजूंना, ग्लोबस पॅलिडसमध्ये, तारा बसवतात आणि कॉलरबोनखाली बॅटरी. खरी कसोटी त्यानंतर. पार्किन्सनच्या रुग्णाचा कंप मशीन सुरू करताच थांबलेला दिसतो. आपल्या मुलांचं तसं नसतं. झटके आधी कमी होतात, वाकडी ठेवण सुटायला महिने लागतात. प्रोग्रामिंगला, म्हणजे मशीनचा करंट जुळवताना, डॉक्टर करंट जरासा चढवून विचारायचे, "डोळ्यांपुढे चमकतंय? जीभ जड वाटते?" लेकाने मान हलवली की लगेच उतरवायचे. म्हणून पैसे आणि रजा ऑपरेशनवरच संपवू नका, पुढच्या फेऱ्यांसाठी राखा. आणि पात्र ठरलात तर वर्षानुवर्षं थांबू नका, कळकळीने सांगते. सांधे कायमचे आखडले की करंटने सुटत नाहीत.

परतताना डिव्हाइसचं कार्ड खिशात हवं. विमानतळावर ते दाखवून हाताने तपासणी मागा. एमआरआय सांगितला तर आधी आपल्या डॉक्टरांना फोन करा. फिजिओथेरपीत डायथर्मी (यंत्राच्या लहरींनी आतून दिलेला शेक) कधीच घेऊ द्यायची नाही, त्याने जिवावर बेतू शकतं. डिस्टोनियात करंट जास्त लागतो, म्हणून साधी, चार्ज न होणारी बॅटरी लवकर उतरते. प्रत्येक भेटीत ती किती उरली ते विचारा आणि बदलायची तारीख आधीच घ्या. ती अचानक बंद पडली, तर डिस्टोनिया उसळून येतो आणि थेट इस्पितळ गाठावं लागतं.