कागदावर ३५०, ड्रमवर २२६

मिशिगनमध्ये १९७० ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ बाळगली की पेट्रोल पंपावर अनोळखी म्हातारे येऊन हूड उघडायला सांगतात. हूड उघडलं की पुढचा प्रश्न ठरलेला: डायनोवर किती? (डायनो म्हणजे डायनमोमीटर, चाकं ड्रमवर फिरवून गाडीची ताकद मोजणारं यंत्र.) माझ्या गाडीत ४०० घनइंचाचं साधं इंजिन आहे, रॅम एअर (याच इंजिनाची जास्त ताकदीची आवृत्ती) नसलेलं. ब्लॉकवर डब्ल्यूटी हा कोड आहे, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सचं ३५० हॉर्सपॉवरवालं. पॉन्टिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून मूळ बिलाची प्रत मागवली, तिच्याशीही ते जुळतं. क्वाड्राजेट कार्ब्युरेटर, पॉइंट्सवाला डिस्ट्रिब्युटर, बिडाचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, सगळं कंपनीतून आलं तसंच. एकदा मोजूनच घेऊ, असं ठरवलं.

डायनोवाल्यांना फोन करताना प्रत्येकाला तेच विचारलं: ड्रम इनर्शियाचा की लोड देणारा, करेक्शन (त्या दिवशीच्या हवेचा हिशोब करून आकडा ठरावीक हवेवर आणणं) कुठलं लावता, आणि गाडी कितव्या गिअरला चालवता. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘चौथ्या’ असंच यायला हवं, कारण माझ्या मन्सी गिअरबॉक्समध्ये चौथाच एकास एक आहे, म्हणजे इंजिन जितकं फिरतं तितकाच गिअरबॉक्समधून बाहेर येणारा शाफ्ट. ‘आमच्याकडे आकडे चांगले येतात’ म्हणणाऱ्या दुकानाचं नाव तिथल्या तिथे खोडलं. चांगले म्हणजे काय? मला खरे हवे होते.

तेव्हा माझे सासरे (मी त्यांना बाबा म्हणतो) आमच्याकडे राहायला आले होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पुण्याजवळच्या एका डिझेल इंजिनांच्या कारखान्यात टेस्ट बेडवर काढली. जुन्या अमेरिकन गाड्यांचं त्यांना काडीचं कौतुक नाही (एवढ्या मोठ्या इंजिनात एवढीच ताकद, हा त्यांचा पहिला शेरा), पण डायनमोमीटर म्हटल्यावर ते माझ्या आधी तयार होऊन बसले.

सकाळ थंड होती, मे महिन्यातली. मागची चाकं ड्रमवर, गाडी पट्ट्यांनी आवळलेली, रेडिएटरसमोर पंखा, आरपीएमसाठी प्लगच्या वायरीला चिमटा आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण बघायला टेलपाइपमध्ये सेन्सर. पट्टे किती आवळले, टायरमध्ये हवा किती, हे मी वहीत लिहून घेतलं; ऑपरेटर हसला, बाबा हसले नाहीत. पहिला रन सोडून द्यायचा, तो फक्त डिफरन्शियलचं तेल गरम करायला. मग चौथ्या गिअरला २,००० पासून ५,००० पर्यंत पूर्ण थ्रॉटल. दहा-बारा सेकंदांत संपतं.

स्क्रीनवर २३५. कोपऱ्यात बारीक अक्षरांत एसटीडी. मी एसएई लावायला सांगितलं; त्याने बटण दाबलं, २२६. करेक्शन काढून टाकल्यावर २३३. एकाच रनचे तीन आकडे, आणि तिन्ही बरोबर! एसटीडी करेक्शन ६० अंश फॅरनहाइटची, २९.९२ इंच दाबाची कोरडी हवा धरतं. एसएई जे१३४९ ७७ अंश आणि २९.२३ इंच. फरक साधारण चार टक्क्यांचा. कुठलं लावलंय ते न सांगता आकडा सांगणाऱ्याचं मी तेव्हापासून ऐकून घेतो आणि सोडून देतो. अजून एक गोष्ट: हवेचं तापमान मोजणारा सेन्सर गाडीच्या गरम झोतात ठेवला, तर यंत्राला वाटतं हवा तापलेली आहे, आणि ते उदार होऊन आकडा वाढवून देतं. आमचा सेन्सर भिंतीवर, गाडीपासून लांब होता. मी जाऊन बघून आलो.

तरीही ३५० कुठे आणि २२६ कुठे? परतताना बाबांनी विचारलं, “जावईबापू, हे साडेतीनशे मोजलं होतं कुठे? इंजिन बाहेर काढून ना?”

“हो बाबा, स्टँडवर.”

“पंखा, अल्टरनेटर, एअर क्लीनर, सायलेन्सर?”

“यातलं काहीच नाही.”

“मग तुम्ही तुलना कशाची करताय?”

१९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या सांगत तो आकडा ग्रॉस: इंजिनावर अ‍ॅक्सेसरीचं ओझं नाही, एक्झॉस्ट मोकळा, इग्निशनचं टायमिंग हवं तसं जुळवलेलं. लग्नाच्या बायोडेटात उंची बुटांसकट लिहावी, तसं. १९७२ पासून नेट, म्हणजे हे सगळं ओझं लावून मोजलेले आकडे आले. मधल्या १९७१ साली जनरल मोटर्सने दोन्ही छापले, आणि ते सोन्यासारखे उपयोगी आहेत. त्या वर्षीच्या जीटीओचं ४०० इंजिन ग्रॉस ३००, नेट २५५. कॉम्प्रेशन तेव्हा ८.२ वर उतरलं होतं, माझं १०.२५ आहे, त्यामुळे माझं नेट २५५ च्या वर असणार. पण ३५० च्या जवळपासही नाही.

बरं, ग्रॉस आकडाही मोजून तसाच्या तसा छापला असेल, असं नाही. १९७० मध्ये रॅम एअर थ्री ३६६ आणि रॅम एअर फोर ३७०. फोरची सिलिंडर हेड वेगळी, कॅम वेगळा, आणि फरक म्हणे चार हॉर्सपॉवरचा! विमा कंपन्यांचे वाढीव हप्ते आणि वरिष्ठांची बंधनं यांच्याकडे बघून ते आकडे लिहिले जात, असं त्या काळच्या गाड्यांत रमलेले बहुतेक लोक मानतात, आणि मलाही ते पटतं. म्हणजे ज्याच्याशी ताडून बघायचं, तेच माप लवचीक.

मग मुद्दाम दुसरीकडे गेलो, लोड देणाऱ्या डायनोवर. तिथे एडी करंट ब्रेक (विजेच्या चुंबकाने ड्रमला अडवणारा) असतो, आणि ऑपरेटरला आधी गाडीचं वजन आणि ५० मैल वेगाला लागणारी ताकद भरावी लागते. आला आकडा २०७, तोही एसएई. तीच गाडी, तेच ९३ ऑक्टेनचं पेट्रोल. इनर्शिया ड्रम स्वतःचं वजन किती लवकर फिरलं यावरून हिशोब करतो; इथे इंजिनाला जास्त वेळ ओढायला लावतात, सगळं तापतं, आणि आकडा ऑपरेटरने काय भरलं यावरही हलतो. कोणता खरा, हे विचारण्यात अर्थ नव्हता.

या टप्प्यावर सगळे ‘१५ टक्के’ काढतात. चाकावरचा आकडा ०.८५ ने भागा, झालं इंजिनाचं. पहिल्या दुकानाचे २६६ येतात, दुसऱ्याचे २४४. वीस टक्के धरलेत तर २८२. ज्याला जो आवडेल तो घ्यावा! गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि टायर यांत जाणाऱ्या ताकदीचा काही भाग इंजिन कितीही जोरात असलं तरी जवळपास तेवढाच राहतो. सरसकट टक्केवारी लावणं म्हणजे नुसता अंदाज.

माझ्या मनाला त्यातल्या त्यात पटलेली पडताळणी डायनोवरची नव्हतीच. ट्रक स्टॉपच्या काट्यावर माझ्यासकट गाडी तोलली: ३,९०० पाउंड. ड्रॅग स्ट्रिपवर पाव मैलाच्या शेवटी वेग ९५ मैल. वेगाला २३४ ने भागून, त्याचा घन करून वजनाने गुणायचं हे जुनं सूत्र. उत्तर येतं २६१, इंजिनाजवळचं. क्लच कसा सोडला याने वेळ बिघडते, पण शेवटचा वेग फारसा बिघडत नाही, म्हणून त्याच्यावर माझा विश्वास जास्त.

बाबांचं लक्ष मात्र आकड्याकडे नव्हतंच, आलेखाकडे होतं. “टॉर्क तीन हजारांपाशीच आहे बघा,” ते म्हणाले. कंपनीच्या कागदावर ४४५ पाउंड-फूट ३,००० ला. आमच्या ड्रमवर ३३०, पण जागा तीच. त्यांनी बोट ठेवलं ते ४,३०० च्या पुढे, जिथे रेष लवकर वाकत होती आणि सेन्सरप्रमाणे मिश्रण १४ च्या वर (एका भाग पेट्रोलला १४ भागांहून जास्त हवा), पातळ झालं होतं. क्वाड्राजेटच्या सेकंडरी रॉड (पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल किती जायचं ते ठरवणाऱ्या) बदलल्या, डिस्ट्रिब्युटरच्या अ‍ॅडव्हान्सच्या स्प्रिंग हलक्या घातल्या, आणि पुन्हा पहिल्याच दुकानात गेलो: तोच ड्रम, टायरमध्ये तेवढीच हवा, एसएई. २३९. बटण दाबून नऊ मिळत होते. हे तेरा स्प्रिंग आणि रॉडमुळे आले, आणि महामार्गावर ओव्हरटेक करताना ते कळतात.

कुणी जाणार असाल तर कागदावरच्या प्रिंटवर समाधान मानू नका, रनची मूळ फाइल मागा. दुकानदार सहसा नाही म्हणत नाही, आणि करेक्शन नंतर घरी बसून बदलून बघता येतं.