इंट्रानेट बसवलं आणि 'श्रै ३३५' नावाचं वाण निघालं

जालन्यात एका बियाणे कंपनीत आयटी बघतो, म्हणजे प्रिंटरमधला कागद काढण्यापासून सर्व्हरपर्यंत सगळं मीच. मे महिन्यात शेठ म्हणले, लॅबचे रिपोर्ट व्हॉट्सअपवर टाकणं बंद करा, इंट्रानेट बसवा, म्हणजे कंपनीतल्या कंपनीत चालणारी साईट. बरोबरच होतं, सोयाबीनची उगवण ७० टक्क्यांच्या खाली गेलेला लॉट गोडाऊनवाल्यांना वेळेवर कळलाच नाही तर गाडीत चढायचा.

त्यासाठी नेक्स्टक्लाउड हे सॉफ्टवेअर बघितलं, फाईली ठेवायला भारी, पण आम्हाला फाईली नाही, सरळ वाचता येईल असं पान पाहिजे होतं. मीडियाविकी म्हणजे विकिपीडियावालं, त्याला डेटाबेस सांभाळत बसा. शेवटी डोकूविकी घेतलं, सगळी पानं साध्या टेक्स्ट फाईलीत, बॅकअप म्हणजे फोल्डर कॉपी, जुन्या डबड्यावर लिनक्स टाकून चालू केलं. लॅबला लिहायची परवानगी, गोडाऊनला फक्त वाचायची.

दाखवायच्या दिवशी सगळे जमले. ऑपरेटर काकांनी मागच्या वर्षीचे रिपोर्ट वर्डमधून उचलून चिकटवले होते. पान उघडलं तर नुसती एबीसीडी! गोडाऊनचे मामा म्हणले, "इंग्रजीत कामून लिहिलं बा हे?" अकाउंटवाला म्हणला व्हायरस हाय.

व्हायरस कसला, सगळे रिपोर्ट कृतिदेव या जुन्या मराठी फाँटात. त्या फाँटात दिसतं 'उगवण', पण फाईलीत आतून असतं एम, एक्स, ओ, टिंब आणि के. फाँट काढला की उघडं पडतं, मग सर्चला 'उगवण' टाका नाहीतर काही टाका, सापडणार काय, डोंबल?

शेठच्या समोरच कृतिदेवाचं युनिकोड, म्हणजे फाँट काढला तरी मराठीच राहणारं, करून देणारा कन्व्हर्टर लावला, मराठी झकास आली, मी खुश. तेवढ्यात मामा स्क्रीनला नाक लावून, "हे श्रै ३३५ कोणतं वाण काढलं आपण?" झालं होतं असं की वाणाचं नाव जेएस ३३५, ते रिपोर्टात इंग्रजी फाँटात होतं, कन्व्हर्टरनी त्यालाही कृतिदेव समजून जे चा श्र केला अन एस ची मात्रा. लॉट नंबरांचीही तीच गत. शेठसकट सगळे हसू लागले, पण लॉट नंबर चुकला तर हसण्यावारी जात नाही राव. मग नावं अन नंबर कागदी रजिस्टर समोर ठेवून लॅबच्या मॅडमनी आणि मी हाताने दुरुस्त केले, रात्र झाली.

ऑपरेटर काका इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी बटणांची वेगळी मांडणी, शिकायला तयार नाहीत, या वयात बोटं वळत नाहीत म्हणतात. त्यांना रेमिंग्टन लेआउटचं, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीचं, युनिकोड टाकून दिलंय, बटणं बहुतेक जुन्याच जागी, सर्चला पण सापडतं.