भूकंपाचा मुलगा

कोम्मेदिआ देल्लार्ते म्हणजे सोळाव्या शतकात इटलीत बहरलेले, मुखवटे घालून आणि लिखित संवादांवाचून रंगणारे विनोदी नाटक. त्यातल्या कंजूष म्हाताऱ्यांपेक्षा आणि बेरकी नोकरांपेक्षा माझा जीव जडला आहे तो बढाईखोर कॅप्टनवर. लांब नाकाचा मुखवटा, पिसांची टोपी आणि चालताना स्वतःच्याच पायांत येणारी तलवार अशा थाटात तो प्रवेश करतो, एकट्याने गारद केलेल्या सैन्यांचा पाढा वाचू लागतो, आणि कोणी नुसती काठी उगारली तरी त्याला पळता भुई थोडी होते.

हा प्राणी तसा जुनाच. रोमन नाटककार प्लॉटसने त्याला ख्रिस्तपूर्व काळातच रंगमंचावर आणले होते. पण नेपल्स आणि मिलान स्पेनच्या अमलाखाली असताना हा कॅप्टन बहुधा स्पॅनिश असे, आणि ज्या शिपायांपुढे एरवी मान खाली घालावी लागे, त्यांच्याच सोंगाला शेपूट घालताना पाहून प्रेक्षकांना गुदगुल्या झाल्या असतील, यात नवल ते काय!

ही भूमिका गाजवली फ्रान्चेस्को आन्द्रेइनी याने, आणि गंमत अशी की तो तरुणपणी खराखुरा सैनिक होता; तुर्कांच्या कैदेत त्याने कित्येक वर्षे काढली होती. सुटून आल्यावर तो ‘जेलोसी’ नावाच्या नाटकमंडळीत शिरला आणि कापितानो स्पाव्हेन्तो झाला: भूकंपाचा आणि विजेचा पुत्र, मृत्यूचा नातलग, सैतानाचा जिवलग मित्र! ज्याने बेड्या सोसल्या, त्याने फुशारक्यांचेच सोंग उभे करावे, हे मला एखाद्या शूराच्या चरित्राहून अधिक धीटपणाचे वाटते.

त्याची पत्नी इसाबेल्ला हीही नामांकित नटी होती. 1604 मध्ये लियोन येथे तिचे निधन झाल्यावर मंडळी मोडली आणि आन्द्रेइनीने रंगभूमी सोडली. पुढे 1607 मध्ये व्हेनिसला त्याने कॅप्टनच्या बढाया पुस्तकरूपाने छापल्या. त्यात कॅप्टन आणि त्याचा नोकर त्राप्पोला यांचे संवाद आहेत. त्राप्पोला धन्याला हवे तेवढे चढवतो आणि मधूनच हळूच टाचणी लावतो. काठी उगारायला तिथे कोणी येत नाही, त्यामुळे पळायची वेळ न येता कॅप्टनला पानेच्या पाने मनसोक्त बोलता येते.