थंड हवेची हौस

भुसावळची माणसं मे महिन्यात थंड हवेच्या ठिकाणी पळतात, यात नवल काही नाही. पारा ४५ च्या पुढे गेला की माणूस दुसरं काय करणार? नवल पुढेच आहे. तिथे पोचून चार दिवस होत नाहीत तोच त्यांना घरची ओढ लागते, आणि घरी तर तोच पारा वाट बघत बसलेला असतो.

आम्ही शिमल्याला गेलो तेव्हा याचा पुरता अनुभव आला. जवळपास २२०० मीटर उंची, देवदाराची झाडं, ऐन मेमध्ये अंगात स्वेटर. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांची सहल कालका-शिमला गाडीतच झाली म्हणायची. १९०३ सालची नॅरोगेज, १०२ बोगदे! बाकीच्यांनी डोंगर पाहिले, त्यांनी रूळ. मग रोज संध्याकाळी मॉल रोडवरच्या बाकावर बसून ते शेजारच्या काकूंना फोन लावायचे. "आज किती?" काकू पलीकडून ठसक्यात सांगायच्या, "शेहेचाळीस!" की लगेच वडील तो आकडा बाकावरच्या अनोळखी माणसाला हिंदीत ऐकवणार. आपल्या गावच्या उन्हाचा एवढा तोरा मिरवणारे लोक खान्देशाबाहेर मी तरी पाहिलेले नाहीत.

आईचा जीव जेवणात अडकलेला. सोबतचा ठेचा लवकरच संपला. राजमा खरं तर छान होता, पण पहिल्या घासाला ती वाटी पुढे सरकवून म्हणायची, "यात तिखट घालायचं राहिलंय का वो माय?"

मला दमवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. सहलीत सगळं ठरवावं लागतं. किती वाजता निघायचं, कुठे जेवायचं, घोड्यावर बसायचं की नाही, गरम पाण्याचा नळ डावा की उजवा. ज्या विश्रांतीसाठी घर सोडलं ती या चर्चांमध्येच खर्च होते. घरात हात आपला आपण चालतो. अंधारातही बटण सापडतं. कूलरचा पंप कुठे थोपटला की सुरू होतो, न्हाणीघराची कडी किती उचलून लावायची, हे कुणाला विचारावं लागत नाही. आमच्या घरात सोयी फार आहेत अशातला भाग नाही. गैरसोयी मात्र सगळ्या ओळखीच्या आहेत.

परतताना पंजाब मेल होती. १९१२ पासून धावते आहे, हे वडिलांनी डब्यातल्या सगळ्यांना सांगितलं. रात्री खंडवा सुटलं आणि स्लीपरच्या खिडकीतून ती झळ आत आली. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी ती फारुकींच्या खान्देशची राजधानी, त्यामुळे वडिलांच्या हिशोबी आपला मुलूख तिथूनच सुरू होतो. रावेर गेलं, पुढे केळीच्या बागा अंधारातच मागे पडल्या. तापीच्या पुलावर गाडी धडधडली तशी आईनं अर्धवट झोपेत हात जोडले.

घरी काकूंनी नळ आल्या दिवशी आमची टाकी भरून ठेवलेली. इतक्या रात्री आईनं खिचडी टाकली, तुरीच्या डाळीची, वरून लसणाचं कडकडीत तेल, सोबत भाजलेला पापड. कपाळावरून घाम ओघळत होता आणि कुणीही उकाड्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. तासाभरापूर्वी पाणी मारूनही गच्ची तापलेलीच होती. गाद्या टाकल्या आणि आडवे झालो.

सकाळी आईचा हिशोब सुरू झाला: ऊन कडक आहे तोवर कुरडया आणि बिबडे उरकून घ्यायचे. वडील म्हणाले, पुढच्या वर्षी तोरणमाळला जाऊ. सातपुड्यातलं, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातलं, हजार मीटरहून उंच, थंडही असतं. एकच मुक्काम, दुसऱ्या दिवशी रात्री जेवायला घरी.

"मग जायचं कशाला?" मुलांनी विचारलं.

वडिलांना प्रश्नच कळला नाही. ते वेळापत्रक शोधायला आत गेले. तोरणमाळला रेल्वे जात नाही, हे त्यांना सांगायचं कुणी, यावर आमची अजून चर्चा चालू आहे.