अंड्यांना व्हॅसलीन

लांबच्या सफरीला निघणाऱ्या शिडाच्या बोटीवर शेवटच्या आठवड्यात काय चालतं, असं कुणी विचारलं की मी सांगतो, अंड्यांना व्हॅसलीन चोळतात. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. त्याच्या डोळ्यांपुढे नकाशे असतात, तारे असतात. ते सगळं आधीच उरकलेलं असतं हो. शेवटचे दिवस वाणसामानाचे.

स्पेनच्या कॅनरी बेटांवरचं लास पाल्मास बंदर दर नोव्हेंबरात अशा बोटींनी गच्च भरतं. कॅरिबियनकडची चक्रीवादळं ओसरायची वाट पाहायची आणि ईशान्येचा व्यापारी वारा पाठीशी घेऊन अटलांटिक ओलांडायला पश्चिमेला सुटायचं. पलीकडचं सेंट लुशिया बेट सुमारे २७०० सागरी मैल, म्हणजे साधारण तीन आठवडे. वाटेत दुकान नाही. मित्राच्या बोटीवर हौशी खलाशी म्हणून गेलो, तेव्हा वाटलं होतं दोर ओढायला बोलावलंय. हातात मार्कर मिळाला. डब्यांवरचे कागद सोलायचे आणि झाकणावर लिहायचं : टोमॅटो, चणे, मका. बोटीच्या तळाशी पाणी साचलं की हे कागद सुटतात आणि लगदा होऊन नेमके पाणी उपसणाऱ्या पंपाच्या तोंडाशी जाऊन बसतात. बोट बुडायला खडकच लागतो असं नाही, चण्याच्या डब्याचं लेबलही पुरतं.

पुठ्ठ्याची खोकी बोटीवर चढवायची नाहीत, कारण त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात. सगळं धक्क्यावरच रिकामं करायचं. फळं धुवायची, पुसायची, वाळवायची. कोंबडीची अंडी मात्र धुवायची नाहीत. ती फ्रिजचं तोंड न पाहिलेलीच हवीत. कवचाची बारीक छिद्रं व्हॅसलीननं बुजवली आणि अधूनमधून अंडी उलटी करत राहिलं, की ती आठवडेच्या आठवडे टिकतात. मला सारखी आठवत होती ती कोकणातली आजी आणि मृगाआधीची तिची बेगमी : सुके बोंबील, आमसुलं, आंबोशी, माळ्यावर लाकडं. तिनं ही बोट एका दुपारी भरली असती, आणि एवढे डबे कशाला घेतलेत म्हणून आम्हालाच झापलं असतं.

डोलकाठीवर मात्र मला कुणी चढू दिलं नाही. मित्र स्वतः पट्ट्याच्या खुर्चीत बसून टोकापर्यंत गेला. तिथून उतरत येताना डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांचा एकेक पीळ, एकेक पिन बोटानं चाचपत होता. करंगळीएवढी पिन निसटली तर अख्खी डोलकाठी खाली येऊ शकते. खाली बोटीच्या तळातल्या भोकांवरच्या प्रत्येक झडपेला एक लाकडी खुंटी दोरीनं बांधून ठेवली. झडप तुटलीच तर हातोडीनं ती भोकात ठोकायची. संकटात उपग्रहाला हाक मारणाऱ्या यंत्राशेजारी ही खुंटी! माझा जास्त भरवसा खुंटीवर.

यादीतली तीन कामं खोडली की पाच नवी उगवत. १४९२ साली याच बेटांवर कोलंबसचंही तेच झालं. त्याच्या ‘पिंटा’ जहाजाचं सुकाणू दुरुस्त करायचं, ‘निन्या’ जहाजाची तिकोनी शिडं काढून चौकोनी बसवायची. इथल्याच ला गोमेरा बेटाहून तो सुटला तेव्हा ६ सप्टेंबर उजाडला होता. गोव्यात दिवाडीला बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीवरून नौदलाचे दिलीप दोंदे २००९ मध्ये मुंबईहून एकटे पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, त्यांना वाटेत चार बंदरं तरी होती. अभिलाष टॉमी त्याच बोटीवरून २०१२ मध्ये कुठेही न थांबता जगाला फेरी मारायला निघाले. काही विसरलं तर पाच महिने ते विसरलेलंच. अशा माणसाची यादी कशी दिसत असेल, याची कल्पना करूनच मला धडकी भरते.

सामान चढेल तशी बोट पाण्यात बसत गेली. पाण्याच्या पातळीची रंगाची रेघ दिसेना, तेव्हा मित्र धक्क्यावर उभा राहून माझ्या पिशव्यांकडे बघू लागला. लोणच्याची बरणी मी लाइफजॅकेटांच्या मागे सरकवली.

मग त्यानं यादीचं कोरं पान उघडलं, वर ‘सेंट लुशिया’ लिहिलं आणि न झालेली कामं एकेक करून तिकडे उतरवली. त्यात संडासाचा पंपही गेला होता. तो मात्र आम्ही भांडून परत अलीकडच्या पानावर आणला.