यजमानांची शहरे

प्रवासाला निघताना मी पाहण्याच्या स्थळांची यादी नेमाने करतो. पण ज्या गावात मित्र राहतो, तिथे ती खिशातून बाहेर काढण्याची वेळ सहसा येत नाही. मित्र स्थानकावर येऊन उभा असतो, हातातली पिशवी हिसकावून घेतो आणि दिवसभर काय पाहायचे, कुठे जेवायचे, याचा निर्णय त्याच्या घरी आदल्या रात्रीच झालेला असतो. मिरज, सांगली आणि कोल्हापूर अशा एकमेकांना खेटून असलेल्या शहरांत हा अनुभव अधिकच रंगतो, कारण तिथल्या प्रत्येक यजमानाला स्वतःचे गाव तर दाखवायचे असतेच, शिवाय शेजारच्या गावात आपण काय पाहिले याचीही बारीक चौकशी करायची असते.

मिरजेच्या मित्राने मला किल्ला दुरूनच दाखवला आणि तडक सतारमेकर गल्लीत नेले. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडवायला घेतली आणि त्यांच्या वंशजांची दुकाने आजही या गल्लीत आहेत. दुकानात छताला वाळलेले कडू भोपळे टांगलेले असतात; ते पंढरपूरच्या बाजूने येतात. एक वृद्ध कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत बसले होते. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस हलकेच एकदा फिरवायची, तार छेडायची, ऐकायचे आणि पुन्हा कानस उचलायची, असे ते बराच वेळ चालले होते. कानस फिरवण्याआधीच्या आणि नंतरच्या ध्वनींतला फरक मला अखेरपर्यंत कळला नाही, पण त्यांना ध्वनी अजून पटत नव्हता हे मात्र स्पष्ट दिसत होते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही वार्ता मित्राने ते स्वतःच्या नावावर असल्याच्या थाटात मला ऐकवली. मग मीरासाहेबांचा दर्गा झाला. १९३७ मध्ये निवर्तलेले किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ याच परिसरात विसावले आहेत आणि उरुसात गवई इथे आजही हजेरी लावतात.

मिरजेहून सांगली जेमतेम दहा किलोमीटर. महापालिकाही १९९८ पासून एकच आहे. तरी सांगलीकर मित्राने दारातच विचारले, ‘मिरजेत काय पाहिलंस? तिथे बघण्यासारखं आहे काय?’ या चुरशीचे मूळ जुने असावे. मिरजेच्या पटवर्धन सरदारांच्या घरात काका-पुतण्याचे बिनसले आणि १८०१ च्या सुमारास चिंतामणरावांनी मिरज सोडून सांगलीत आपली गादी मांडली. वाटणी दोनशे वर्षांपूर्वी झाली, हिशेब अजून चालू आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये इथेच नाटक उभे केले, हे मला गणपतीच्या देवळाकडे जाताना एकदा आणि परतताना पुन्हा सांगण्यात आले.

सांगलीचे खरे दर्शन मात्र आयर्विन पुलावर घडले. १९२९ चा हा पूल पाहताना बाहेरचा माणूस दगडी कमानी पाहतो, सांगलीकर पाण्याच्या पातळीचे आकडे पाहतो. चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळिसांना धोका हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सत्तावन्न फुटांच्या पुढे गेली, तेव्हा मित्राचा तळमजला पाण्याखाली होता. पाणी कुठवर चढले होते ती खूण त्याने घरातल्या भिंतीवर मुद्दाम राखली आहे, आणि ती दाखवताना त्याच्या आवाजात दुःखापेक्षा माहितगाराचा रुबाब अधिक होता. अशी गोष्ट कोणत्याही यादीत सापडत नाही, आणि सापडली तरी तिच्यासाठी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरता येत नाही.

कोल्हापुरात पाहण्यासारखे इतके आहे, की तिथे यजमानाची गरज पडू नये. अंबाबाई, रंकाळा, शाहू महाराजांनी उभारलेले खासबागचे कुस्ती मैदान अशी रांगच आहे. मित्राने ती चपळाईने उरकली, कारण त्याला मला संध्याकाळी गंगावेशीत म्हशीचे धारोष्ण दूध पाजायचे होते आणि रात्री तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या मी नको म्हणेपर्यंत, आणि त्यानंतरही, भरायच्या होत्या. वहिनींनी सांगलीतल्या जेवणाची चौकशी केली. मी भडंगाची स्तुती करताच ताटात आणखी एक भाकरी पडली.

खिद्रापूरचे कोपेश्वराचे देऊळ माझ्या यादीत पहिले होते आणि तिन्ही मित्रांच्या योजनेत कुठेच नव्हते. घरापासून तासा-दीड तासाच्या वाटेवर असूनही त्यांच्यापैकी कुणीही ते पाहिलेले नाही, असे हळूहळू निष्पन्न झाले. पाहुणा आल्याशिवाय आपल्या मुलखात हिंडायला निमित्त मिळत नाही, हेच खरे. अखेर सगळे एकत्र निघालो. शिलाहारांच्या काळातल्या त्या स्वर्गमंडपात, छताच्या मधोमध राखलेल्या गोल मोकळ्या जागेखाली उभे राहिल्यावर तिघेही काही वेळ गप्प झाले. एरवी ते कठीणच. मात्र परतीच्या वाटेवर नृसिंहवाडीला, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, महापुराला अधिक जबाबदार कोणती नदी यावरून सांगलीकर आणि कोल्हापूरकर यांची जुंपली, तेव्हा मिरजकर मित्र मला हाताला धरून बासुंदीच्या दुकानाकडे घेऊन गेला.