महाप्रसादाची वही

आमच्या वसाहतीजवळच्या बसथांब्यावर शेड नाही. इंदूरचा मे महिना, दुपारचा दीड, आणि हातात पेन्शनची फाईल घेतलेली म्हातारी माणसं शेजारच्या पानठेल्याच्या सावलीत चोरासारखी उभी. म्हणून आम्ही सात-आठ जणांनी अर्जावर सह्या गोळा करायचं ठरवलं. लोकांना कळवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी निवृत्त शिक्षिका आणि माझं मराठी बरं.

बरं मराठीच नडलं. मी छान लिहिलं, 'ज्येष्ठांसाठी' वगैरे. नंतर भाच्याने सांगितलं, मावशी, इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसला १६० जागा मिळतात, देवनागरीत फक्त ७०. मेसेज लांबला की प्रत्येक तुकड्याला ६७. आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजतात. 'ज्येष्ठांसाठी' आपल्याला चार अक्षरं, फोनला तेरा! माझा मजकूर २४० च्या घरात, म्हणजे चार मेसेज. पॅकमध्ये दिवसाला १००. पंचविसाव्या माणसाला पाठवून झालं आणि फोन गप्प बसला.

गप्प बसला हे बरंच झालं. कारण हे नंबर मी गणेशोत्सवाच्या वहीतून घेतले होते, वर्गणी आणि महाप्रसादाच्या पानांची नोंद असते ना, त्यातून. आणि मेसेज पाठवले रात्री पावणेदहाला.

सकाळी पोहे घ्यायला निघाले तर मागच्या गल्लीतल्या काकू फाटकात उभ्या.

"अगं, नंबर मी महाप्रसादाला दिला होता. शेडला कधी दिला?"

मी म्हटलं, काकू, कामच चांगलं आहे हो.

"असेल. पण रात्री फोन वाजला की मला वाटतं पुण्याहून लेकीचं काही आलं. चष्मा सापडेपर्यंत जीव इथे आला माझा." त्यांनी गळ्याला हात लावून दाखवला.

यावर काय बोलणार? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या मुळाशीही हेच आहे, ज्या कामासाठी माहिती दिली त्याच कामासाठी ती वापरायची. काकूंनी तो कायदा वाचलेला नाही. मीही तेव्हा वाचला नव्हता.

अर्ज छापायला गेले तर छापखान्यातला पोरगा म्हणाला, "आंटी, दस हजार नंबर दे दूँ? पूरे इलाक़े के." मी अर्ज घेतले, नंबर घेतले नाहीत. कंपनीमार्फत घाऊक मेसेज पाठवायचे तर ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१८ च्या नियमांप्रमाणे आधी संस्था नोंदवा, पाठवणाऱ्याचं हेडर म्हणजे मेसेजवर दिसणारं नाव नोंदवा, मजकुराचा नमुना मंजूर करून घ्या. आम्ही कसली संस्था, आठ डोकी आणि एक पेन! तो म्हणे, साध्या सिमवरून टाकू की. म्हणजे १९०९ वर 'त्रास देऊ नका' म्हणून कळवून बसलेल्या लोकांच्या डोक्यावर आम्हीच जाऊन बसायचं.

मग नवी वही केली. थांब्यावर जाऊन माणसालाच विचारायचं: नंबर देता का, फक्त या शेडबद्दल कळवू. मेसेज मराठीत की हिंदीत, तेही त्याच ओळीत लिहून घ्यायचं, कारण आमच्याकडे अर्धी आळी हिंदी बोलणारी. दोन रविवारांत एकसष्ट नंबर झाले. मेसेजमध्ये आधी माझं नाव, मग काम, दिवस, आणि शेवटी 'बंद करायचं असेल तर नको लिहा'. हे सगळं दोन तुकड्यांत, १३४ जागांत बसवायला मला दुपार लागली. 'ज्येष्ठांसाठी' गेलं, 'सावली हवी' आलं. वाचायलाही तेच बरं वाटतं. वेळ सकाळी अकराची.

चार 'नको' आले. एकाने नुसताच नमस्कार पाठवला. तो हो की नाही ते कळेना म्हणून त्यालाही थांबवलं.

काकूंनी नव्या वहीत नंबर दिला नाही. "सांगायचं असेल तर दारावर ये" म्हणाल्या. दर शनिवारी जाते. चहा होतो, पुण्याच्या लेकीचं सगळं ऐकून होतं. सही अजून केलेली नाही.